टायटॅनियम की झिर्कोनिया: दातांच्या इम्प्लांटचा दीर्घकालीन टिकाऊपणा

सोलापुरात शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी चावून खाणाऱ्या माझ्या आईची खालची दाढ काढावी लागली, तेव्हा इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे दाताचे कृत्रिम मूळ, टायटॅनियमचे बसवावे की झिर्कोनिया या सिरॅमिकचे, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. टायटॅनियमच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा काळाचाच आहे: स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेली इम्प्लांट त्याच्या 2006 मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे 40 वर्षांहून अधिक काळ, काम देत राहिली. झिर्कोनियाच्या इतक्या दीर्घ नोंदी नाहीत. अलीकडचे निष्कर्ष आश्वासक असले, तरी हा पदार्थ कठीण असूनही टायटॅनियमपेक्षा ठिसूळ आहे, त्यामुळे कमी व्यासाचे इम्प्लांट दाढेच्या दाबाखाली तुटण्याची भीती अधिक असते. शिवाय झिर्कोनियाची बरीच इम्प्लांट एकसंध, म्हणजे मूळ आणि दात धरणारा वरचा जोडभाग एकाच तुकड्यात, असल्याने, हाडात थोडी तिरकी बसल्यास वरचा जोडभाग बदलून कोन सुधारता येत नाही.

समोरच्या दातांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ओठ वर उचलला की पातळ हिरडीतून धातूची करडी छटा दिसू शकते. पांढऱ्या झिर्कोनियात तो प्रश्न उरत नाही. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल, तर दोन्हींचा भरवसा कमी होतो, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आईच्या दाढेसाठी आम्ही टायटॅनियम निवडले. पुढचा दात असता, तर मी झिर्कोनियाचा आग्रह धरला असता.