ब्लूस्क्रीनव्ह्यू: शट डाउनला कोसळणाऱ्या मशीनसाठी कितपत कामाचं?

शट डाउन केलं की निळा स्क्रीन, नाहीतर बंद होण्याऐवजी मशीन आपोआप पुन्हा चालू. बहुतेक वेळा दोन्ही एकच आजार असतो. क्रॅश झाल्यावर विंडोज स्वतःहून रिस्टार्ट होतं आणि निळा स्क्रीन डोळ्यांत भरायच्या आत निघून जातो.

सोलापुरात असं मशीन मे महिन्यात दुकानात नेलं तर ‘गरम होतंय’ नाहीतर ‘फॉरमॅट मारू’ ऐकायची तयारी ठेवा. उन्हाचा इथे फारसा संबंध नाही. पंख्यात चादर-टॉवेलच्या कारखान्यातली सुताची धूळ बसलेलं मशीन काम करताना बंद पडतं. नेमकं शट डाउनलाच कोसळलं तर आधी ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर, पाहावा. फॉरमॅटनंतर तोच ड्रायव्हर पुन्हा टाकला की दुखणं परत हजर.

निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. ते विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंप फायली, म्हणजे क्रॅशच्या क्षणाच्या छोट्या नोंदी, वाचतं, म्हणून आधी डंप तयार व्हायला हवा. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडा, ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढा, खाली ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडा. सी ड्राइव्हवरची पेजफाइल (रॅमच्या मदतीला डिस्कवर ठेवलेली फाइल) बंद केलेली नसावी. मग शट डाउन करा आणि थांबा. इथेच घोळ होतो: ‘शटिंग डाउन’वर अडकलं की लोक पॉवर बटण दाबून धरतात आणि डंप बनतच नाही. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, फक्त ४१ आणि ६००८ क्रमांकाच्या नोंदी उरतात. त्यांचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद झालं नाही. क्रॅशचा कोड १००१ क्रमांकाच्या नोंदीत असतो. नको त्या फायली पुसणारा क्लीनर चालवला असेल तर जुने डंपही गेलेले असू शकतात.

टूल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, नाहीतर यादी रिकामी दिसू शकते. वरच्या भागात क्रॅश, खालच्या भागात ड्रायव्हर. कोडच्या शेवटी ९एफ, म्हणजे ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असेल, तर कुठल्यातरी ड्रायव्हरने वीज बंद करण्याची विनंती वेळेत पूर्ण केली नाही. आणि नेमकं याच कोडला हे टूल लंगडं पडतं. ‘कॉज्ड बाय ड्रायव्हर’ रकान्यात बऱ्याचदा एनटीओएसकेआरएनएल दिसतं. तो विंडोजचा गाभा आहे, खरा गुन्हेगार सहसा दुसराच. अशा वेळी डंप उकलून पाहणारं मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी घ्या. तेही फुकट आहे. कोडसोबत चार आकडे, म्हणजे पॅरामीटर, येतात; त्यांतला पहिला पॅरामीटर ३ असेल तर चौथ्या पॅरामीटरमध्ये अडकलेल्या विनंतीचा पत्ता असतो. त्यावरून ड्रायव्हरचं नाव निघतं.

त्याआधी एक फुकटची चाचणी. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे साध्या शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, हायबरनेट होतो, म्हणजे डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो. शिफ्ट धरून शट डाउन करा. तसं नीट बंद झालं तर पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप काढा. काम तेवढ्यावर भागतं, पण ड्रायव्हर तसाच राहतो.

सेवा केंद्रांतल्या मशीनवर बोटांचे ठसे घेणारं यंत्र, प्रिंटर, वायफाय डोंगल असं बरंच लटकलेलं असतं. एकेक यूएसबी काढून शट डाउन करून पाहा. सापडलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीतही खूण करा, आणि नवा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

५ पैकी ३. कोड चटकन दाखवण्यात पैकीच्या पैकी. ९एफला मात्र नापास.