धुराच्या आजारांचा हिशोब: दवाखान्याचे बिल धरायचे की जिवाचा धोका?

औष्णिक केंद्राच्या सुनावणीत हरकत घालायची आहे आणि धुरामुळे होणाऱ्या आजारांचा खर्च आकड्यांत दाखवायचा आहे? मग आधी पद्धत ठरवा. जागतिक बँकेने 2013 सालच्या हवा प्रदूषणाचा हिशोब एकाच अहवालात दोन पद्धतींनी मांडला होता. बुडालेली कमाई धरली तर जगाचे नुकसान 22,500 कोटी डॉलर. जिवाचा धोका धरला तर 5.11 लाख कोटी डॉलर. मृत्यू तेच, फरक बावीस-तेवीस पटींचा.

पहिली पद्धत आजारपणाच्या खर्चाची: औषधे, खाटेचे भाडे, बुडालेला रोज, माणूस गेला तर त्याची पुढची कमाई. समजायला सोपी, उलटतपासणीत टिकणारी. पण खोट मोठी. चंद्रपुरात दम्याची एखादी बाई सरकारी दवाखान्यात केसपेपर काढते, पंप घेऊन घरी येते आणि रात्र उशाला टेकून, बसून काढते. हिशोबात येते काय? केसपेपरचे पैसे आणि रिक्षाभाडे. घरकाम करते, म्हणून बुडालेला रोज शून्य. निवृत्त म्हातारा तर जवळजवळ फुकटच.

दुसरीत विचारतात, धोका कमी व्हावा म्हणून लोक किती मोजतील? समजा लाखात एक मृत्यू टळणार आहे आणि त्यासाठी एक लाख लोक प्रत्येकी 500 रुपये द्यायला तयार आहेत. झाले 5 कोटी. ही कुणा एकाच्या जिवाची किंमत नव्हे, पण ऐकणाऱ्याला तसेच वाटते आणि समोरचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. शिवाय हे आकडे बरेचदा श्रीमंत देशांतून आणून इथल्या उत्पन्नाच्या मानाने खाली ओढलेले असतात. गरिबाचा धोका आपोआप स्वस्त.

गमावलेली निरोगी वर्षे मोजणारी तिसरी पद्धत आहे. तिच्यात रुपयेच नाहीत.

जुलै 2025च्या अधिसूचनेने बहुतेक केंद्रांना एफजीडीतून, म्हणजे धुरातले गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून, सूट दिली. अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेचे निकष न पाळणारे शहर 10 किलोमीटरच्या आत असेल, तर त्या केंद्राचा निर्णय प्रकरण पाहून व्हायचा आहे. तिथे यंत्रणेचा खर्च रुपयांत येतो, वीज किती महागेल तेही येते. आजाराचा रकाना मोकळा सोडला की तो शून्य म्हणूनच वाचला जातो.

मी असतो तर पहिला आकडा 'किमान एवढे तरी' म्हणून लिहिला असता आणि दुसरा त्याच्या शेजारी, कोणत्या उत्पन्नावरून काढला ते उघड सांगून. तिसरा गावातल्या सभेसाठी राखला असता.