पाच एमएमच्या भावात तीन एमएम: विंच बंपरच्या नादात माझे 56,695 रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. छप्पन्न हजार सहाशे पंच्याण्णव. आणि मी कोण, तर नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन केलेला माणूस. जिचा एमएम चुकला ती वस्तू परत पाठवायची, एवढंच काम आयुष्यभर केलं. त्या मला एका गाळेवाल्याने पत्र्याच्या जाडीत गंडवलं.

गाडी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आतल्या सीटा काढून झोपायची सोय केलीय, शनिवार-रविवार कुठेतरी किल्ल्याखाली जाऊन राहतो. गेल्या पावसाळ्यात हरिहरला जाताना निरगुडपाड्याच्या अलीकडे समोरच्या गाडीला जागा द्यायला साइडपट्टीवर उतरलो आणि मागचं चाक थेट भाताच्या खाचरात. ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढायचे 1,500 घेतले, वर गावासमोर टोमणे मारले ते वेगळेच. त्याच रात्री ठरवलं, गाडीला पुढे विंच, म्हणजे मोटरने ड्रमवर तार गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, बसवायचं आणि त्याचा बंपर घरीच करायचा. रो-हाऊस आहे, पार्किंगला जागा आहे, दोनशे अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे, ग्राइंडर आहे. पुठ्ठ्याचे साचे कापून चार रविवार गाडीसमोर मांडी घालून बसलो होतो. ड्रॉइंग आजही कोणालाही दाखवतो, त्यात चूक नाही.

हिशोबही नीट होता. गाडी भरली की साडेतीन टन धरायची, विंच त्याच्या दीडपट ताकदीचं घ्यायचं. विंच पौंडात विकतात, त्यामुळे बारा हजार पौंड, म्हणजे साधारण 5,443 किलो. तीही ताकद ड्रमवर तारेचा पहिला थर असतो तेव्हाची. वर थर चढत जातात तशी ओढ कमी होते, हे विकणारा तुम्हाला कधीच सांगत नाही. एवढं ओढायचं तर समोरची प्लेट पाच एमएमच्या खाली नको.

एवढ्या जाड प्लेटचं कटिंग आणि बेंडिंग घरी होत नाही. म्हणून अंबडकडच्या एका गाळ्यात गेलो. नाव लिहीत नाही, वकिलाने तोंड शिवून ठेवायला सांगितलंय. आत शिरताच समोर एक तयार बंपर. मालक म्हणाला, "काका, बसा त्याच्यावर, उड्या मारा." मी बसलो. तो खरंच पाच एमएमचा होता. असे लोक दाखवायचा माल कधीच खोटा ठेवत नाहीत.

भाव ठरला तो असा. प्लेट 49 किलो, कटिंग-बेंडिंगसकट किलोला 165, म्हणजे 8,085. विंच 38,500. तारेचा रोलर, शॅकल (जोडायची लोखंडी कडी), बॅटरीची जाड केबल मिळून 4,200. एकूण 50,785. मग तो हळूच म्हणाला, "जीएसटी लावू का? अठरा टक्के फुकट जातील तुमचे." म्हणजे 9,141 रुपये. मी म्हणालो, राहू दे. हो, म्हणालो. इथे मला अक्कल शिकवायला येणाऱ्यांनी आपापल्या घरातली फर्निचरची आणि रंगकामाची बिलं आधी काढून बघावीत. हातात आला तो एक कागद, वर "अंदाजपत्रक" छापलेलं, खाली बारीक अक्षरात "माल तपासून मिळाला". विसार 10,000 यूपीआयने, नंतर 25,000 यूपीआयने, उरलेले 15,785 रोख. रोखीची पावती मागितली तर "काका, आपल्यात काय पावती" म्हणाला. जो "आपल्यात" म्हणतो त्याच्याकडून दोनदा पावती घ्या.

आता तो दिवस. तीन महिने झाले, रात्री जाग आली की हाच दिवस डोळ्यांपुढे येतो.

छोटा हत्तीवाला माल घेऊन गेटपाशी आला. त्याला घाई होती, गाडी चालूच ठेवलेली. बंपरचा समोरचा तुकडा, म्हणजे तोंड आणि वरचा कट्टा मिळून एकच वाकवलेली प्लेट, मी दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ पोर्चमध्ये नेऊन ठेवला. एकट्याने. बायको दारातून ओरडली, "अहो, कमरेचं बघा जरा!" मी म्हणालो, "अजून आहे ताकद." आणि मला बरं वाटलं. खरं सांगतो, छाती फुगली. ज्याला सकाळी पाण्याची बादली उचलताना कण्हायला होतं, त्याला त्या दिवशी लोखंड हलकं लागलं आणि तो खूश झाला!

एक चौरस मीटर पत्रा, एक एमएम जाड, वजन 7.85 किलो. हे मला पाठ आहे. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मीच शिकवायचो. तो तुकडा 0.8 चौरस मीटरचा, पाच एमएमचा असता तर 31 किलो भरला असता. माझ्या हातात होता तो 19 किलोचा. बारा किलोचा फरक हाताला कळत नाही? कळला होता. पण मी त्याचं श्रेय स्वतःच्या दंडांना दिलं.

मोजलं नाही असंही नाही, आणि हेच जास्त झोंबतं. जाडी मोजायचं व्हर्नियर आणलं. समोरच्या तुकड्याच्या कडा आत दुमडलेल्या, त्यावर लाल प्रायमर फासलेला. चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लागणारे ब्रॅकेट मात्र वरच ठेवलेले, हाताशी. एक उचलला, मोजला, 5.02. झालं. ड्रायव्हरने पुढे केलेल्या कागदावर सही ठोकली. कारखान्यात कोणी एक नग बघून अख्खा लॉट पास केला असता तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं. ब्रॅकेट खरे पाचचे होते. तेवढेच. भोकांमधूनही जाडी मोजता आली असती, विंचच्या बोल्टची चार भोकं डोळ्यांसमोर होती.

वेल्डिंगला बसलो तेव्हा दुसऱ्यांदा कळायला हवं होतं. 3.15 चा रॉड, 120 अँपिअर, पाच एमएमवर मस्त बसायला हवा. इथे जोडावर भोकं पडायला लागली. मला वाटलं, हात गेला आपला, वय झालं. गाळेवाल्याला फोन केला तर म्हणतो, "करंट कमी करा काका." केला. ज्या माणसाने पातळ पत्रा विकला, तोच तो जाळू नये कसा ते मला शिकवत होता आणि मी त्याचे आभार मानत होतो. तिसरी खूण विंचची. प्लेटवरची भोकं नेहमीच्या मापाची, आडवी 254 आणि उभी 114 एमएम. विंचचे बोल्ट त्यात बसेनात. "भोकं जरा ओव्हल करून घ्या." घेतली.

गिरणाऱ्याला मेव्हण्याच्या शेतात चाचणी घेतली. मागचं चाक मुद्दाम चारीत उतरवलं, कडुलिंबाच्या बुंध्याला पट्टा बांधला, तारेवर ओलं पोतं टाकलं आणि सगळ्यांना लांब उभं केलं. पोतं टाकाच. तार तुटली तर चाबकासारखी येते. विंच कण्हायला लागलं, गाडी इंचभरही हलली नाही, आणि बंपरचं तोंड माझ्या डोळ्यांदेखत पापडासारखं पुढे फुगलं. मग जळका वास. मोटर गेली. ब्रॅकेट तेवढे ताठ उभे होते, माझी थट्टा करत.

घरी येऊन सगळं उतरवलं आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं. 49 किलोचे पैसे दिलेला माल 33 किलो 400 ग्रॅम. बारा हजार पौंडाचं विंच तारेसकट चाळीस किलोच्या आसपास भरतं, माझं भरलं 24. त्यावरचं स्टिकर नखाने सोललं तर खाली दुसरं स्टिकर, 6000. लोखंडाच्या वस्तूचं वजन घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि विंच घेताना स्टिकर सोलून बघा. दुकानदार नाराज झाला तर होऊ दे.

गाळ्यात गेलो. त्याचा आवाज एकदाही चढला नाही. "काका, तुम्ही स्वतः मोजून घेतलंत. सही आहे तुमची. तुम्ही तर इन्स्पेक्टर ना?" हे मीच त्याला पहिल्या दिवशी मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. कुठेही खरेदीला जाल तर आपण कोण ते सांगू नका.

मग सरकारी वाऱ्या. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते, सिंहस्थाची बैठक. दुसऱ्या दिवशी होते, पण बंदोबस्ताच्या गडबडीत. तिसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराने अर्ज वाचला आणि म्हणाला, हे दिवाणी आहे, कोर्टात जा. मी म्हणालो, स्टिकरवर स्टिकर लावून विकणं दिवाणी कसं? फसवणूकच आहे ही, पूर्वीचं 420, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. तो म्हणाला, "कलम आम्हाला शिकवू नका." वर म्हणाला, पैसे यूपीआयने गेलेत ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिले, मालही मिळाला, यात सायबर काय? (1930 हा नंबर ऑनलाइन लुबाडणुकीसाठी आहे, तोही पैसे गेल्यागेल्या लावला तर उपयोगाचा. माझ्या केसमध्ये काही होणार नव्हतं, ते मलाही पटलं.) आणखी एका खिडकीवर सांगितलं, काटा खोटा असेल तर आमच्याकडे या, जाडी आमच्याकडे नाही. म्हणजे किलोत फसवलं तर एक खातं, एमएममध्ये फसवलं तर कोणीच नाही! 49 आणि 33 यांत वजनाचाच फरक आहे हे मी तिथे पाटीवर लिहून दाखवायचं बाकी ठेवलं होतं.

परत ठाण्यात गेलो तर नवे साहेब. त्यांनी फोटो बघितला आणि मलाच विचारलं, "हा बंपर लावायची परवानगी आहे का?" इथे माझी जीभ टाळूला चिकटली. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने राज्यांना कळवलंय की गाड्यांचे असे बाहेरून लावलेले बुल बार आणि क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध आहेत, कारवाई करा. शिवाय मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला 5,000 दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. मी सांगत राहिलो की हा बोल्टवर बसणारा आहे, शेतात लावायचा, रस्त्यावर आधी काढायचा, माझ्या ड्रॉइंगमध्ये तसं लिहिलंय. ते हसले. "मग तक्रार नोंदवू का तुमच्यावर?" चोर गाळ्यात एसी लावून बसलाय आणि कायदा माझ्या गाडीभोवती फेरी मारतोय. पण हेही लिहितो, कारण या वस्तूचा फसवणारा नेमका याच भीतीवर जगतो. गिऱ्हाईक बोंब मारणार नाही, याची त्याला खात्री असते.

अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का न घेता खुर्चीवरून उठू नका. मी पहिल्या दोन वेळा उठलो. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार वरिष्ठांना लेखी टपालाने पाठवता येतं. पाठवलंय, पोचपावती आली आहे, पुढे शांतता. जिल्हा ग्राहक आयोगात मात्र दावा केला. पाच लाखांपर्यंत फी नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील म्हणतो, पक्कं बिल असतं तर गोष्ट वेगळी होती. 9,141 रुपये वाचवले होते ना मी! वर रॉड, डिस्क, रंग मिळून 2,310 आणि वाकलेली चॅसीची टोकं सरळ करायला 3,600, तेही माझ्याच खिशातून.

मधल्या काळात गाळ्याची पाटी बदलली. आता म्हणे मेव्हण्याच्या नावावर आहे. दाखवायचा बंपर जागच्या जागी, लोक त्यावर बसून फोटो काढतात.

परवा भंगारवाला दारावर आला. पाण्याच्या टाकीमागे पडलेला बंपर बायकोने दाखवला. त्याने एका हाताने टोक वर उचललं, खाली सोडलं आणि म्हणाला, "तीन एमएम आहे ना?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी त्याला सांगितलं, विकायचा नाही, पुरावा आहे. पुढची तारीख अजून पडायची आहे.