माख तीनचं नाणं, आवाज मात्र बद्द

मी मागवलेलं ब्लॅकबर्ड विमानाचं नाणं बाबांनी हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि चष्मा न लावताच ओट्यावर टाकलं. टण्ण झालं नाही, टप झालं. "पितळ नाही हे," एवढं म्हणून मग ते चष्मा शोधायला गेले.

विक्रेत्याच्या पानावर चक्क पितळ लिहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाणं २८ ग्रॅम भरलं. पावणेदोन इंच व्यासाचं आणि ३ मिलिमीटर जाडीचं पितळ ३५च्या आसपास भरायला हवं. म्हणजे आत जस्ताचं मिश्रण आणि वरून जुनाट पितळी मुलामा. १८ डॉलर आणि पोस्टेज वेगळं, त्या मानाने ही लबाडीच. ईमेल केला तर उत्तर आलं, "पितळी रंग असं म्हणायचं होतं." बरं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चॅलेंज कॉइन हे चलन नसतं. अमेरिकी सैन्यात तुकडीचं किंवा मोहिमेचं चिन्ह असलेलं नाणं वरिष्ठ माणूस हस्तांदोलन करताना तळहातातून तळहातात सरकवतो. पुढे कधी कुणी आपलं नाणं टेबलावर आपटलं की बाकीच्यांनी आपापलं काढून दाखवायचं, आणि ज्याच्या खिशात नसेल त्याने सगळ्यांना पाजायचं. आमच्या घरी पाजायचं म्हणजे चहा. मी घेतलेलं नाणं बाजारातलं आहे, कुणी हातात सरकवलेलं नाही. एसआर-७१ ब्लॅकबर्ड या टेहळणी विमानाच्या सन्मानार्थ काढलेलं.

बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी इकडे व्हर्जिनियात आले आहेत. हवाई दलात ते एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, आणि त्यातली काही वर्षं बरेलीला, मिग-२५च्या स्क्वॉड्रनमध्ये. आपल्याकडचं हे टेहळणी विमान, १९८१ साली आलेलं. त्यामुळे शँटिलीच्या उडवार-हेझी सेंटर या विमान संग्रहालयात त्यांना नेणं भागच होतं. आत शिरलं की खाली समोरच ब्लॅकबर्ड उभं दिसतं. मागच्या दालनात डिस्कव्हरी हे अख्खं अंतराळयान आहे, ते बाबांनी पाच मिनिटांत उरकलं आणि परत ब्लॅकबर्डपाशी तासभर. ६ मार्च १९९० रोजी हेच विमान लॉस एंजेलिसहून इथे ६४ मिनिटं २० सेकंदांत आलं आणि मग पुन्हा उडालं नाही. आम्हाला त्या दिवशी घरून तिथे पोचून गाडी लावेपर्यंत पाऊण तास लागला होता.

"यांचं टायटॅनियमचं, आमचं पोलादाचं," बाबा म्हणाले. "आणि यांनी टायटॅनियम आणलं कुठून? रशियातून. मधल्या कंपन्यांच्या नावाने." हे सांगताना त्यांना जो आनंद झाला, तो बघूनच मी नाणं मागवलं.

तर नाणं. दर्शनी बाजूला वरून दिसणारं विमान आहे आणि इथे कारागिराला दाद द्यायला हवी. पंखांवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक पन्हळी आहेत, पत्र्याच्या छपरासारख्या, त्या त्याने उठवल्या आहेत. त्या शोभेच्या नव्हेत. माख तीनच्या, म्हणजे ध्वनीच्या तिप्पट वेगाला पत्रा तापून प्रसरण पावतो, सपाट असता तर सुरकुतला असता. उभी शेपटंही आत कललेली आहेत, जशी हवीत तशी. इंजिनांच्या तोंडातले शंकू मात्र सरळ काढलेत. खऱ्या विमानात ते किंचित आत आणि खाली झुकलेले असतात. हे मला कळलं नसतं, बाबांनी नखाने दाखवलं. रंग काळाकुट्ट आहे. खरा रंग काळ्याला टेकलेला गडद निळा, वांग्यासारखा. पण १८ डॉलरमध्ये वांगं मागू नये.

मागच्या बाजूला साप. ओकिनावात हाबू नावाचा विषारी साप असतो. कदेना तळावरून ही विमानं उडू लागली तेव्हा तिथल्या लोकांना त्यांच्यात तोच दिसला आणि वैमानिकांनी ते नाव उचललं. सापाभोवती कडेने ३२ छोटे तारे आहेत. पानावर त्याचा खुलासा कुठेच नव्हता. बाबांनी भिंग लावून मोजले : काही भरीव, काही पोकळ. विमानं बनली ३२. त्यातली १२ अपघातांत गेली, शत्रूला एकही पाडता आलं नाही. म्हणजे पोकळ तारे १२ हवेत. भरले ११. एकात मीनाकारीचा रंग ओघळून बसला होता.

मी म्हटलं, परत पाठवू. ते काही बोलले नाहीत. दुपारी बघते तर खिडकीत बसून टाचणीने तो तारा कोरताहेत. तासभर तरी लागला असेल. "हिशेब जुळायला नको?" म्हणाले. त्यांच्या स्क्वॉड्रनमधल्या हिशेबाबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मिगच्या कूलिंगला अल्कोहोल लागायचं आणि त्यावर पहारा कसा ठेवायला लागायचा, तेवढं मात्र रंगवून सांगितलं.

घ्यावं का? काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर घ्या, कोरीवकाम बघण्यासारखं आहे. सोबत आलेली मखमली डबी तकलादू, बिजागरी दुसऱ्या दिवशीच निघाली. नाणं प्लास्टिकच्या पाकिटातच ठेवा. खिशात वागवणार असाल तर घेऊ नका. महिनाभर किल्ल्यांबरोबर राहून कडेचा मुलामा उडालाय आणि खालचं राखाडी जस्त दिसतंय. मागवण्याआधी विक्रेत्याला वजन ग्रॅममध्ये विचारा, धातू विचारू नका.

माझ्या लेकाला टेबलावर आपटायचा नियम कळल्यापासून तो आजोबांच्या खोलीतून नाणं उचलून आणतो आणि बरोबर मी ऑफिसच्या कॉलवर असताना दारात आपटतो. माझ्याकडे नाणं नाही. या आठवड्यात सहा वेळा चहा मी केलाय. दुसऱ्या विक्रेत्याकडून एक मागवलंय, ३६ ग्रॅमचं.