डाख लागलेला रुपया: मोडायचा, विकायचा की ठेवायचा?

आजीच्या माळेतला 1907 चा रुपया माझ्याकडे आहे. सातवा एडवर्ड, डोक्यावर मुकुट नसलेला. वरच्या काठाला कडी होती. ती केव्हाच गळून पडली, पण डाखाचा, म्हणजे कडी जोडताना लावलेल्या झाळणाचा, करडा फुगवटा तसाच आहे आणि तेवढ्या भागातल्या कडेच्या बारीक रेघा बुजल्या आहेत. कोल्हापुरात असा एखादा राणीछाप किंवा राजाछाप पुष्कळ घरांत सापडेल. लक्ष्मीपूजनाला बाहेर येतो आणि पुन्हा डब्यात जातो. त्याचं काय करायचं हे ठरवायचं असेल तर आधी साल बघा.

मोडीचा हिशेब सरळ आहे. 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा, बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम. 1940 ते 1945 चे रुपये तेवढ्याच वजनाचे, पण त्यांत चांदी निम्मीच, 5.83 ग्रॅम. हातात घेतल्यावर फरक चटकन कळत नाही, मोडीच्या पैशांत मात्र चांगलाच कळतो. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत जाताना आणखी एक ध्यानात ठेवा. रुपयाचं वजन म्हणजे जुना तोळा, 11.66 ग्रॅम. आज पेढीवर तोळा म्हणतात तो 10 ग्रॅमचा. त्यामुळे "रुपया म्हणजे एक तोळाच की" एवढ्यावर सौदा करू नका. काट्यावर ग्रॅममध्ये वजन, मशीनवर टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, आणि मग त्या दिवसाचा भाव. डाखापोटी थोडी घट धरतील, ती रास्तच आहे. किती धरणार ते आधी विचारा आणि दोन-तीन पेढ्या फिरा.

नाणी जमवणाऱ्याची नजर वेगळी. त्याला कडा, अक्षरं, मूळचा रंग शाबूत हवा. 1907 चे रुपये भरपूर निघाले, त्यामुळे डाख लागलेल्याला तो चांदीच्या भावापुढे फारसा जाणार नाही. पण साल 1911 असेल तर थांबा. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि 1912 पासून नक्षी बदलली. 1939 चा षष्ठ जॉर्जही दुर्मिळ, म्हणून त्याच्या नकलाही फिरतात. अशी सालं निघाली तर डाख असूनही जाणकाराला दाखवल्याशिवाय मोडू नका. आणि हात जोडून सांगते, घासू नका. चिंच नको, राख नको, पावडर नको. डाख खरवडायला तर मुळीच जाऊ नका, ओरखड्यांनी होतं-नव्हतं तेही जातं.

घरात ठेवायचा तर खर्च काहीच नाही. कोरड्या सुती कापडात गुंडाळा, रबर लावू नका, त्याने चांदी काळी पडते. मला विचाराल तर साध्या सालाचा, डाख लागलेला रुपया घरातच राहावा. मोडून जे हाती येतं ते महिन्याच्या खर्चात विरून जातं, आणि आजीच्या गळ्यातली ती खूण पुन्हा कुठून आणणार?

गळ्यात घालायचा असेल तर हुपरीचे चांदीचे कारागीर जवळच आहेत. माझा तिथेच दिलाय, चांदीच्या कोंदणात नुसता बसवून. नवा डाख लावू नका, असं कारागिराला दोनदा बजावून आले.