निवृत्तीनंतर राज्य बदलायचे? बडोदे, बेळगाव, इंदूर की गोवा

डोंबिवलीत किंवा ठाण्यात एक फ्लॅट आहे, मुले मार्गी लागली आहेत, पेन्शन आणि व्याज मिळून महिन्याला चाळीसेक हजार हातात येतात. फ्लॅट विकावा, कमी खर्चाच्या गावी जावे आणि उरलेल्या पैशांच्या व्याजावर निवांत राहावे, हा विचार आज निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या बहुतेक घरांत चालतो. नाशिक, कोल्हापूर, सातारा ही नावे आधी येतात. तिथले भाव ऐकले की मग नजर राज्याच्या हद्दीपलीकडे जाते. मराठी माणूस हद्द ओलांडताना सहसा चारच ठिकाणांचा विचार करतो: गायकवाडांचे बडोदे, होळकरांचे इंदूर, सीमाभागातले बेळगाव आणि गोवा. चारही ठिकाणी आपली माणसे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत, त्यामुळे अगदीच परके वाटणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेत काही राज्ये आयकरच लावत नाहीत, म्हणून तिथले निवृत्त लोक त्या राज्यांत जातात. आपल्याकडे आयकर केंद्राचा. तुमच्या पेन्शनवर ठाण्यात जो कर लागतो तोच बडोद्यात आणि तोच मडगावात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवले तर २०२५ च्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात, ते कुठल्याही पोस्टात तेवढेच. तेव्हा राज्य बदलून फायदा होणार तो घराच्या खरेदीत, दवाखान्यात आणि महिन्याच्या बिलांत. यातही घराचा हिशेब लोक अर्धाच करतात.

फ्लॅट विकला की भांडवली नफा होतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत: महागाईची वजावट न घेता १२.५ टक्के, नाहीतर वजावट घेऊन २० टक्के. यातला कमी तो भरायचा. विकल्यापासून दोन वर्षांत भारतात कुठेही दुसरे घर घेतले, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर नाही. गोम इथेच आहे. तुम्ही मुद्दाम स्वस्त घर घेताय, म्हणजे नफ्याचा मोठा भाग घरात जाणारच नाही आणि त्यावर कर बसेल. सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम घालून तोही वाचवता येतो, पण मग ती पाच वर्षे हलवता येत नाही. वयाच्या पासष्टीला पाच वर्षे ही लहान मुदत नव्हे.

आता खरेदीखताचा खर्च. इथे चार राज्यांत जेवढा फरक आहे तेवढा वाणसामानात कधीच दिसणार नाही. ४० लाखांचे घर धरू. गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २,३६,००० रुपये. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतले तर नोंदणी फी माफ, म्हणजे आणखी चाळीस हजार वाचले. मध्य प्रदेशात शहरी भागात दोन्ही मिळून साडेबारा टक्क्यांच्या घरात जाते. त्याच ४० लाखांवर पाच लाख! बाईच्या नावावर तिथेही सवलत आहे, तरी गुजरातशी बरोबरी होत नाही. कर्नाटकाने ऑगस्ट २०२५ अखेर नोंदणी फी १ वरून २ टक्के केली, त्यामुळे तिथला आकडा बऱ्याच घरांना साडेसात टक्क्यांच्या आसपास येतो. गोव्यात किमतीच्या टप्प्यांप्रमाणे दर चढतो, पण तिथे शुल्काच्या आधी किंमतच अंगावर येते.

इंदूर स्वस्त म्हणून जाणाऱ्यांनी हे पाच लाख आधीच बाजूला काढून ठेवावेत. पुढची दहा वर्षे भाजी थोडी स्वस्त मिळाली तरी ते भरून निघतील का, हे वहीत मांडून पाहा.

कागदपत्रांत प्रत्येक राज्याची आपली खोच आहे. बडोद्याच्या जुन्या शहरातल्या बऱ्याच वस्त्यांना अशांत क्षेत्राचा कायदा लागू आहे. तिथले लोक त्याला ‘अशांत धारो’ म्हणतात. अशा भागात घर घ्यायचे तर कलेक्टरची परवानगी आधी लागते. त्यात वेळ जातो आणि वकिलाचा खर्चही येतो. म्हणून दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यात नातेवाइकांच्या शेजारी घर घेण्याचा मोह झाला तर पहिला प्रश्न हाच विचारा. बेळगावात प्रश्न खात्याचा, म्हणजे महापालिकेतल्या मिळकतीच्या नोंदीचा, आहे. शेतजमिनीवर बिगरशेती परवानगीशिवाय पाडलेल्या ले-आउटमधली घरे ‘बी खात्या’त असतात आणि पक्क्या खात्याच्या घरापेक्षा बरीच स्वस्त दिसतात. तो स्वस्तपणा विकताना तुमच्याच गळ्यात येतो. गोव्यात जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरे बांधायला ठरवलेल्या भागात, आहे का आणि बिगरशेती वापराची सनद मिळाली आहे का, हे पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.

दवाखान्याकडे वळू, कारण सत्तरीनंतर कुठे राहायचे हे खरे तर तोच ठरवतो. एक चांगली गोष्ट अशी की २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळते (नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून ५ लाख) आणि ते कार्ड देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालते. त्यामुळे राज्य बदलले तरी हे कवच सुटत नाही. मात्र ‘संलग्न’ या शब्दाकडे लक्ष द्या. जायचे ठरवलेल्या गावात हृदयरोग, डायलिसिस आणि हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी या योजनेत कोणती रुग्णालये आहेत, हे घर बघायच्या आधी बघा.

सत्तरीच्या आतल्यांना मात्र राज्याच्या योजनांवर विसंबावे लागते आणि तिथे नवख्याचे हाल होतात. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना फार चांगली आहे, पण तिला गोव्यातले पाच वर्षांचे वास्तव्य लागते. बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना २०१८ पासून पैसे मोजावे लागतात. गोव्याची ज्येष्ठांसाठीची दरमहा अर्थसाहाय्य योजना तर पंधरा वर्षांचे वास्तव्य मागते. पंचाहत्तरीत असलेल्या माणसाने तिची वाट कशी पाहावी?

या कसोटीवर बेळगाव वरचढ ठरते. कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोव्यातूनही रुग्ण तिथे उपचाराला येतात, म्हणजे मोठे रुग्णालय तुमच्या दारात. बडोद्यात सयाजीराव सरकारी रुग्णालय आहे, खासगीही भरपूर आहेत. इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे आणि माळव्यातले गंभीर रुग्ण इंदूरकडेच येतात, त्यामुळे तज्ज्ञ डॉक्टरांची वाण नाही. या बाबतीत तिन्ही शहरे पुरेशी आहेत.

मेडिक्लेमची एक बारीक गोष्ट एजंट सहसा सांगत नाही. अनेक पॉलिसींत शहरांचे झोन असतात. मुंबईहून लहान शहरात पत्ता बदलला की हप्ता कमी होतो. पण उद्या मुलाकडे मुंबईला आलात आणि तिथेच दाखल व्हावे लागले, तर बिलाचा काही टक्के भाग तुमच्या खिशातून जाऊ शकतो. हप्त्यात वाचलेले पैसे मग एका शस्त्रक्रियेत परत जातात. मुलगा मुंबईत असेल तर झोन वरचाच ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला आहे, तेवढा दिलासा हप्त्यात आधीच मिळालेला आहे.

महिन्याच्या खर्चात बेळगाव पुन्हा पुढे आहे आणि याचे श्रेय कर्नाटक सरकारच्या योजनांना द्यायला हवे. ‘गृह ज्योती’त घरगुती वीज २०० युनिटांपर्यंत मोफत मिळते. तुमच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ही मर्यादा ठरते आणि भाडेकरूंनाही लाभ मिळतो. एसी न लावणाऱ्या दोन माणसांचे बिल त्यात बसते, आणि बेळगावची हवा अशी की एसी लागतही नाही. ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या महिलांना कर्नाटकाच्या हद्दीतला साध्या बसचा प्रवास फुकट आहे. म्हणजे आजी धारवाडला फुकट जातील, पण कोल्हापूरच्या बसला तिकीट पडेल. महाराष्ट्रातली पंचाहत्तरीनंतरची एसटीची मोफत सवलतही अशीच राज्याच्या हद्दीत चालते. तेव्हा वर्षातून किती फेऱ्या हद्द ओलांडून होणार, हे मोजा.

बडोद्यात पाइपचा गॅस फार जुन्या काळापासून आहे, रिक्षा स्वस्त आहे आणि सकाळी तर्री घातलेली शेव-उसळ खाऊन पोट भरते. ज्यांना संध्याकाळी एखादा पेग लागतो त्यांनी मात्र दारूबंदी लक्षात घ्यावी. परवाना मिळतो, पण त्यासाठी डॉक्टर, अर्ज आणि फी असा सोपस्कार आहे. काहींच्या घरात हाच मुद्दा बडोद्याच्या बाजूने मांडला जातो, तो कोण मांडते ते सांगायला नको.

इंदूरला स्वच्छतेत २०१७ पासून सतत पहिला क्रमांक मिळाला आणि तो रस्त्यावर दिसतो. पाण्याची गोष्ट वेगळी आहे. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर वर खेचून आणावे लागते आणि अनेक भागांत ते एक दिवसाआड येते. डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून लोक दगावले. वस्ती निवडताना पाइपलाइन किती जुनी आहे, हे शेजाऱ्यांना विचारायलाच हवे. माळव्यातली रात्र थंड आणि पोहे-जिलबी उत्तम, हे सगळे खरे आहे. पण इंदुरात तुमचे कोणी नातेवाईक नसतील तर तिथे जाण्याचे आर्थिक कारण मला दिसत नाही.

बडोद्याचा दोष म्हणजे हवा. मे महिन्यात पारा ४२-४३ ला सहज जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली होते आणि नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या होत्या. घर घेताना २०२४ मध्ये या सोसायटीत पाणी किती चढले होते, हे वॉचमनला विचारा, बिल्डरला नको. भिंतीवरची ओलीची रेघ रंग मारून झाकलेली असते, पण मीटर-बॉक्स जमिनीपासून किती उंच हलवलाय ते लगेच दिसते.

गोव्यात ओलावा हा वेगळाच शत्रू. जून ते सप्टेंबर कपाटातल्या साड्यांना आणि पुस्तकांना बुरशी येते, संधिवात असलेल्यांचे गुडघे बोलू लागतात. दिल्ली-मुंबईच्या लोकांनी दुसरे घर म्हणून फ्लॅट घेऊन किनाऱ्याकडचे भाव पार वर नेले आहेत. फोंडा, डिचोली, साखळी या बाजूला अजून थोडे परवडते. तिथे देवळांतली भजने आहेत, मराठी नाटके होतात, मराठी वर्तमानपत्र दारात पडते, आणि कोकणी कानावर आठवड्यात बसते. वडिलोपार्जित घर असेल तर गोव्यासारखे सुख नाही. विकत घेऊन ‘स्वस्तात’ राहायला जायचे असेल तर गोवा यादीतून काढून टाका.

भाषेचा विचार लोक भावनेने करतात, तो व्यवहाराने करावा. आज दोघे आहात, एक जण बँकेत जातो, दुसरा स्वयंपाक बघतो. पुढे कधी एकच जण राहिला तर वीज कंपनी, महापालिका, बँक आणि दवाखाना सगळे त्यालाच करावे लागेल. इंदुरात लिपी आपलीच, हिंदी येतेच. बडोद्यात गुजराती लिपी महिन्या-दोन महिन्यांत वाचता येते. बेळगावात टिळकवाडी, शहापूर, वडगाव या भागांत दिवसभर मराठीवर निभते, पण सरकारी नोटीस, कराची पावती आणि कचेरीतले फलक कन्नडमध्ये असतात. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमावादाचा दावा अजून निकाली लागलेला नाही. ताण वाढला की दोन्ही बाजूंच्या बस बंद होतात. रोजच्या जगण्यात याचा त्रास कमीच, पण एकट्या बाईला कन्नड नोटीस वाचून दाखवणारा माणूस शेजारी लागतोच.

येण्या-जाण्यात बडोद्याला तोड नाही. मुंबईहून चार-पाच तासांत पोहोचता येते, दिवसभर गाड्या आहेत. सकाळी फोन आला तर दुपारी मुलगा दारात उभा राहू शकतो. इंदूर आणि बेळगाव म्हणजे रात्रभराचा प्रवास. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, पण ३०९ किलोमीटरचा तो मार्ग होईपर्यंत आपण थांबायचे नसते. ज्येष्ठांची रेल्वे तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा दोघांच्या वर्षाच्या चार फेऱ्यांचे तिकीटही खर्चात धरा.

माझे मत विचाराल तर, मुले मुंबई-पुण्यात असतील आणि उन्हाळा सोसत असेल तर बडोदे. मुले परदेशात असतील, म्हणजे एरवीही तातडीने कोणी येणार नसेल, तर बेळगाव.

निवडलेल्या गावात आधी भाड्याने राहा आणि तेही वाईट मोसमात: बडोद्यात मे आणि ऑगस्ट, बेळगावात जुलै. तोवर इकडचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह-लायसन्सवर द्या, त्या भाड्यात तिकडचे भाडे निघून वर काही उरते. भांडवली नफ्याची दोन वर्षांची मुदत फ्लॅट विकल्याच्या तारखेपासून सुरू होते. आणि विक्रीच्या आधी एक वर्षाच्या आत घेतलेले घरही सवलतीला चालते, तेव्हा तिकडे मनासारखे घर आधी सापडले तरी इकडची विक्री घाईने उरकण्याची गरज नाही.