‘नंतर सहज निघतं’ म्हणून लावलं, आणि भिंतच सोलून आली

घर सोडायला सहा दिवस उरले होते. गॅसमागच्या भिंतीवर लावलेल्या स्टिकर टाइलचा एक कोपरा मी नखाने उचलला आणि हळूच ओढला. टाइल निघाली. तिच्याबरोबर भिंतीचा रंग निघाला, रंगाखालची पुट्टी निघाली आणि तळहाताएवढा पांढुरका खड्डा समोर उरला. टाइल उलटी करून पाहिली तर पाठीवर भिंतीचा फिकट पिवळा थर जसाच्या तसा बसलेला, त्यावर पुट्टीचे खवले. ओट्यावर भुकटी सांडली होती. अशा अजून 61 टाइल काढायच्या होत्या.

“नंतर सहज निघतं ताई, डागसुद्धा राहत नाही.” हे वाक्य टाइल लावणाऱ्या माणसाने मला एकदा नाही, तीनदा ऐकवलं होतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला नेमकं हेच ऐकायचं असतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. कुणी तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहून हेच वाक्य बोलत असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचून घ्या.

माझं ते स्वयंपाकघर एवढंसं होतं. मधोमध उभं राहून हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागायची. ओटा जेमतेम दीड मीटर, खालच्या कपाटांची दारं काळपट तपकिरी, वर एकच दिवा आणि तोही पाठीमागे, त्यामुळे ओट्यावर कायम स्वतःचीच सावली. दिवसातले तीन-चार तास जिथे जातात ती जागा प्रसन्न असावी असं वाटण्यात काहीच गैर नाही. घर भाड्याचं असलं म्हणून त्यात राहणारे दिवस काही भाड्याचे नसतात.

छोट्या स्वयंपाकघरांचे आधीचे-नंतरचे फोटो टाकणारं एक पान मला मोबाइलवर दिसलं. पांढऱ्या-निळ्या नक्षीची भिंत, उघडी फळी, तिच्याखाली पिवळसर उजेड. मी चौकशी केली आणि दुसऱ्याच दिवशी तो माणूस मापं घ्यायला हजर. बोलणं अतिशय मऊ. दारातच त्याने विचारलं, “घर भाड्याचं आहे ना? मग काळजी करू नका, आम्ही भिंतीला एक भोक पाडत नाही.” माझ्या मनातली भीती मी बोलायच्या आत त्याने बोलून दाखवली आणि मी तिथेच निम्मी विरघळले.

ठरलं असं: भिंतीला स्टिकर टाइल, कपाटांच्या दारांना फिकट रंगाचं व्हिनाइल (चिकटवायचा प्लास्टिकचा पापुद्रा), ओट्यावर एक उघडी फळी, सिंकशेजारी अरुंद मांडणी, लटकवायला स्टीलची दांडी आणि फळीखाली एलईडीची पट्टी. फळीही चिकटवूनच बसणार, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं.

मग त्याने पिशवीतून प्लायचा एक तुकडा काढला, माझ्याकडून पाण्याने भरलेलं पातेलं मागितलं आणि तुकडा त्यात बुडवून ठेवला. मापं घेऊन होईपर्यंत अर्धा तास गेला. तुकडा बाहेर काढून पुसला आणि माझ्या हातात दिला. जाडी तेवढीच, कडेला प्लायचे थर स्पष्ट मोजता येत होते. माझी पूर्ण खात्री पटली. तो तुकडा खराच होता. माझ्या घरात जे बसलं ते मात्र त्या जातीचं नव्हतं.

आगाऊ 70 टक्के, माल आला की 20, काम संपलं की 10. “हा दर आजपुरताच आहे” म्हणाला. कागद दिला, पण त्यावर ‘किचन मेकओव्हर, संपूर्ण’ एवढी एकच ओळ आणि खाली रक्कम. कुठलं लाकूड, किती मिलिमीटर जाड, कुठल्या प्रतीचं स्टील, यातलं अक्षरही नाही. मी पैसे थेट खात्यावर पाठवले. पुढे बँकेत गेले तेव्हा उत्तर मिळालं की रक्कम तुम्ही स्वतःहून पाठवली आहे, आम्ही काय करणार? कार्डाने दिले असते तर निदान हरकत घ्यायची एक वाट उरली असती.

दोन दिवस काम चाललं. मी कामावर, किल्ली त्यांच्याकडे. दुसऱ्या संध्याकाळी दार उघडलं तेव्हा खरंच डोळे भरून आले, इतकं ते देखणं दिसत होतं. उरलेले 10 टक्के मी उभ्या-उभ्या दिले.

तिसऱ्या आठवड्यात गॅसजवळच्या टाइलची कड वळायला लागली. दाबली की बसायची, सकाळी पुन्हा वर. ही टाइल म्हणजे शेवटी पीव्हीसीचा पातळ पापुद्रा आणि त्याला मागून गोंद. पीव्हीसी साधारण 80 अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं, गोंद तर त्याच्या कितीतरी आधी सैल होतो. मोठ्या पातेल्याखालून बाजूला पसरणारी धग थेट भिंतीवर जाते, वर वाफ आणि तेलाचे कण. अशी टाइल सिंकमागे चालते, शेगडीच्या मागे चालत नाही. हे त्या धंद्यातल्या माणसाला माहीत नसतं, हे मी मानायला तयार नाही.

त्यानंतर सिंकशेजारची मांडणी. तिचा खालचा कप्पा आधी नुसता खरखरीत लागायला लागला, मग कडेची चकचकीत पट्टी सुटून लोंबू लागली. सुटलेल्या जागी बोट घातलं तर आत लाकूड नव्हतंच. ओला, फुगलेला भुसा, चिमटीत धरला की तपकिरी तुकडे होऊन गळत होता. पार्टिकल बोर्ड. लाकडाचे कण गोंदात दाबून केलेली फळी. कोरड्या जागी, हलक्या वजनाला ती वाईट नाही, पण एकदा कडेतून पाणी आत शिरलं की फुगते आणि वाळल्यावरही पूर्वीसारखी होत नाही. दाखवलेल्या प्लायची कड उघडी होती, बसवलेल्या मांडणीची एकूण एक कड पट्टीने झाकलेली. फसवणूक त्या झाकलेल्या कडेत होती. आता कुणीही फर्निचर दाखवलं की मी आधी म्हणते, पट्टी लावायच्या आधी कापलेली कड दाखवा, आणि त्याचा फोटो काढून ठेवते.

स्टीलच्या दांडीला दोन महिन्यांत गंजाचे ठिपके आले. ‘304 आहे’ म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टील आहे, म्हणून त्याने माझ्यासमोर लोहचुंबक लावून दाखवलं होतं. चिकटलं नाही म्हणजे उत्तम स्टील, असं मीही समजत होते. पण 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, आणि स्वस्तातल्या 201 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. चुंबक दोन्हींना चिकटत नाही. म्हणजे ती परीक्षा या दोघांत फरक करूच शकत नाही. प्रत बिलावर लिहून घेणं हाच मार्ग. एलईडीच्या पट्टीचंही तेच. ‘पाणी लागलं तरी चालेल’ म्हणून जी लावली, तिच्यावर सिलिकॉनचा थरच नव्हता, तांब्याचे ठिपके उघडे दिसत होते. अशा पट्टीवर आयपी 65 असं लिहिलेलं बघावं; आयपी म्हणजे धूळ आणि पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारा आकडा. आयपी 20 असेल तर त्या 20 मधल्या शून्याचा अर्थ पाण्यापासून संरक्षण अजिबात नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते फळीचं. एका रात्री ती एका बाजूने खाली आली. वरचे डबे मी वेळेत धरले. दुसऱ्या दिवशी फळी पूर्ण उतरवली तर मागे भिंतीत नऊ भोकं. त्यांत प्लास्टिकच्या गुट्ट्या, दोन तर नुसत्या कोंबलेल्या, आणि त्यावर त्याच नक्षीच्या टाइलचे तुकडे बेमालूम चिकटवलेले. ‘एक भोक पाडत नाही’ म्हणणाऱ्याने मी घरात नसताना नऊ भोकं पाडली आणि झाकून गेला. माल हलका निघाला, तर म्हणता येतं की नफ्यासाठी केलं. इथे त्याने मला माझ्या घरमालकिणीपुढे खोटं पाडलं. याचा राग अजून गेलेला नाही.

फोन केले. पहिल्यांदा “माणूस पाठवतो”. मग “तुमच्याकडे पाण्याचा वापर जास्त आहे”. मग “वॉरंटी फक्त चिकटण्याची होती”. मग फोन उचलणंच बंद. त्या दिवशी मी त्याच्या पानावरचे फोटो इंटरनेटवर चित्रावरून शोधून पाहिले. मला सगळ्यात आवडलेलं स्वयंपाकघर आणखी दोन ठिकाणी सापडलं, वेगळ्याच लोकांच्या नावावर. एका ठिकाणी खिडकी डावीकडे होती, याच्याकडे उजवीकडे. फोटो आरशासारखा उलटवून वापरला होता. हे शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. पैसे द्यायच्या आधीही लागली नसती. तक्रार केल्यावर ते पान बंद झालं, पण काही दिवसांनी तेच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा दिसले.

आता त्या भिंतीबद्दल. टाइल ‘निघते’ की नाही, हे टाइलवर ठरत नाही, मागच्या भिंतीवर ठरतं. काचेवर, चकचकीत फरशीवर, लॅमिनेटवर गोंद सोडवता येतो. रंगवलेल्या भिंतीवर गोंदाची पकड रंगाच्या पकडीपेक्षा घट्ट असली की रंग हार खातो. आमची भिंत मी राहायला येण्याच्या आठवडाभर आधीच रंगवली होती. रंग हाताला काही तासांत कोरडा लागतो, पण पक्का व्हायला काही आठवडे जातात. घरात रंगाचा वास येत होता आणि तो त्याच भिंतीवर उभा राहून टाइल चिकटवत होता.

पहिल्या टाइलनंतर मी ओढणं थांबवलं. उरलेल्या टाइल हेअर ड्रायरने कोमट करून, एका कोपऱ्यापासून, टाइल स्वतःवरच दुमडत, भिंतीला जवळजवळ चिकटून ठेवून सावकाश काढल्या. समोर सरळ खेचलं की पुट्टीसकट येतं, असं दुमडत काढलं की बराच रंग वाचतो. चार संध्याकाळी गेल्या. तरीही शेगडीमागचा भाग आणि ती नऊ भोकं लपण्यासारखी नव्हती.

घरमालकीण काकू घर बघायला आल्या. भिंतीवरून हात फिरवला, बोटाला पांढरी पूड आली. म्हणाल्या, “मला एकदा विचारायचं तरी होतंस गं.” आवाज चढवला नाही. मी काय बोलणार? पुट्टी, रंग आणि भोकं बुजवण्याचा खर्च त्यांनी अनामत रकमेतून वळता केला. अर्ध्याहून जास्त रक्कम गेली आणि ते योग्यच होतं. भिंत त्यांची होती, परवानगी घ्यायची जबाबदारी माझी होती.

नव्या घरातलं स्वयंपाकघर याहूनही चिंचोळं आहे. पण यावेळी आधी मी त्या घरमालकांना काय-काय करणार ते लिहून पाठवलं आणि त्यांचं ‘चालेल’ जपून ठेवलं. रिकाम्या घराच्या भिंती, फरशी, कपाटांची आतली बाजू, सगळ्याचे तारखेसकट फोटो काढले. कपाटांच्या मुठी बदलल्या. मुठीच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मोजून घेतलं, ते 96 मिलिमीटर निघालं. बहुतेक वेळा 96 किंवा 128 असतं, तेवढ्याच अंतराची नवी मूठ घेतली की नवं भोक पाडावं लागत नाही. एवढ्याशा बदलाने दारं ओळखू येईनात. सिंकखालच्या उघड्या जागेला दोन भिंतींत ताणून बसणाऱ्या दांडीवर जाड सुती पडदा लावला. फळीऐवजी पायांवर उभा राहणारा अरुंद घोडा, म्हणजे सामान ठेवायचा रॅक. उजेडासाठी कपाटाखाली चुंबकाने बसणारा, चार्ज होणारा दिवा, 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. ओट्यावरची सावली गेली, आणि लहान जागा मोठी वाटायला या एका गोष्टीचा जेवढा उपयोग झाला तेवढा नक्षीदार टाइलचा कधीच झाला नव्हता.

नक्षीची हौस मात्र गेली नाही. खऱ्या सिरॅमिक टाइल एका चांगल्या प्लायवर बसवून घेतल्या, कडा सील करवल्या आणि तो तक्ता सिंकमागे ओट्यावर नुसता टेकवून ठेवलाय. भिंतीला गोंदाचा थेंब नाही. शेगडीमागे घरमालकांचीच साधी फरशी आहे, ती तशीच राहू दिली. सुताराला मी माल बघून निम्मे पैसे दिले आणि उरलेले काम झाल्यावर पंधरा दिवसांनी. कागदावर प्लायची प्रत, जाडी आणि ‘सर्व कडा बंद’ असं त्याच्याच हाताने लिहून घेतलं. तो चिडला नाही. उलट म्हणाला, “असं लिहून घेणारी गिऱ्हाइकं बरी, नंतर वाद होत नाही.”

फ्रिजच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मी स्टिकर टाइलचे दोन तुकडे लावून ठेवले होते, बघावं म्हणून. तीन आठवडे झाले म्हणून काल काढले. एक स्वच्छ निघाला. दुसऱ्याबरोबर अंगठ्याच्या नखाएवढा रंग आला. तो तुकडा आणि त्याखाली तारीख लिहून वहीत चिकटवलाय, जुन्या मुठी आणि त्यांचे स्क्रू ठेवलेल्या पिशवीशेजारी.